समद्विभुज त्रिकोण : अंगे, गुणधर्म आणि उपयोग

भूमितीचे पुस्तक मिटून आपणांपैकी अनेकांना वीस-पंचवीस वर्षे लोटली असतील. पायथागोरसचा सिद्धांत आणि ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ हे तीन शब्द एवढेच बहुतेकांच्या स्मरणात उरलेले असतात. स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने भूमितीवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. कारण साधे आहे. निवासी शाळेत सायंकाळच्या अभ्यासिकेला विषयांच्या भिंती नसतात. ज्या दिवशी ज्याची पाळी असेल त्याने समोर येईल त्या वहीत डोके घालायचे असते. नववीच्या मुलांच्या वह्यांत दरवर्षी एका ठिकाणी पेन्सिल अडते, ते ठिकाण म्हणजे समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढच्या महिन्यात विसरतात. हे प्रमेय पाठ करण्याचे नसून पाहण्याचे आहे, आणि एकदा दिसले की विसरता येत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. आपल्या घरी नववी-दहावीचे मूल असेल तर त्याला शेजारी बसवून, कागद-पेन्सिल घेऊन तो वाचावा, ही विनंती.

अंगांची ओळख

प्रत्येक त्रिकोणाला तीन बाजू, तीन कोन व तीन शिरोबिंदू असतात. त्यांपैकी दोन बाजू समान लांबीच्या असल्या की तो समद्विभुज त्रिकोण झाला. उरलेल्या तिसऱ्या बाजूला ‘पाया’ म्हणतात. दोन समान बाजू जेथे मिळतात तो बिंदू म्हणजे शिखर, आणि तेथे झालेला कोन म्हणजे शिरःकोन. पायाच्या दोन टोकांशी असलेले कोन हे पायालगतचे कोन होत.

येथेच पहिली चूक घडते. पाया म्हणजे खालची बाजू, अशी मुलांची समजूत असते. फळ्यावर त्रिकोण नेहमी बसलेला काढला जातो, म्हणून ही समजूत पक्की होते. तोच त्रिकोण कलता काढला किंवा उलटा टांगला की मुले गोंधळतात आणि भलतेच कोन समान मानतात. पताकांच्या माळेतील प्रत्येक पताका हा समद्विभुज त्रिकोणच असतो. पण तिचा पाया वर, दोरीला चिकटलेला असतो आणि शिखर खाली लोंबत असते. पाया जागेवरून ओळखायचा नसतो. जी बाजू इतर दोघींपेक्षा वेगळी, ती पाया.

या त्रिकोणाच्या नावातही मौज आहे. ग्रीक भाषेतील नावाचा अर्थ ‘समान पायांचा’ असा होतो. अरबी पंडितांनी तीच कल्पना उचलली. निजामी राजवटीत आपल्या मराठवाड्यातील उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकलेली वडीलधारी मंडळी या त्रिकोणाला ‘मुतसावी-उस-साकैन’ म्हणत. त्यातील ‘साक’ म्हणजे पायाची नडगी. संस्कृतात मात्र बाजूला ‘भुज’ म्हणजे हात म्हटले गेले. सातव्या शतकातील ब्रह्मगुप्त अशा आकृतीला ‘द्विसम’ म्हणतो आणि आपण आज ‘समद्विभुज’ म्हणतो. कोणी त्याला पायांवर उभा असलेला पाहिला, कोणी दोन हात पसरलेला.

दोन समान बाजू घेतल्या की त्रिकोण होतोच असेही नाही. पाच-पाच सेंटिमीटरच्या दोन काड्या आणि बारा सेंटिमीटरची तिसरी काडी घेऊन पाहावे. लहान काड्यांची टोके एकमेकांपर्यंत पोहोचणारच नाहीत. दोन समान बाजूंची बेरीज पायापेक्षा अधिक असलीच पाहिजे. समभुज त्रिकोणाच्या तिन्ही बाजू समान असतात, म्हणजे कोणत्याही दोन समान असतातच. म्हणून आज तो समद्विभुजाचाच एक विशेष प्रकार मानला जातो. युक्लिडच्या व्याख्येत मात्र दोनच बाजू समान असण्याची अट होती.

मुख्य गुणधर्म : पायालगतचे कोन समान

त्रिकोणाच्या दोन बाजू समान असतील तर त्या बाजूंसमोरील कोन समान असतात. हे या त्रिकोणाचे प्रमुख प्रमेय. ते प्रथम हाताने अनुभवावे. कागदावर समद्विभुज त्रिकोण काढून कापावा. शिखरातून अशी घडी घालावी की एक समान बाजू दुसरीवर नेमकी बसेल. पायाची दोन टोके एकमेकांवर येतात आणि त्यांचे कोनही एकमेकांत मिसळून जातात. कोनमापकाची गरज पडत नाही.

परंतु घडी म्हणजे सिद्धता नव्हे. घडी त्या एका कागदापुरती खरी असते. सिद्धता मात्र आजवर काढलेल्या आणि पुढे कधीही काढल्या जाणाऱ्या सर्व समद्विभुज त्रिकोणांविषयी एकदाच बोलते. पाठ्यपुस्तकातील सिद्धता याच घडीला शब्द देते. समजा, अबक या त्रिकोणात अब आणि अक या बाजू समान आहेत. शिखर अ येथील कोनाचा दुभाजक काढला. तो पायाला ड या बिंदूत मिळाला. आता अबड आणि अकड या दोन त्रिकोणांत अब व अक समान आहेत, दुभाजकामुळे अ येथील दोन्ही कोन समान आहेत आणि अड ही बाजू दोघांना सामाईक आहे. म्हणून बाकोबा कसोटीनुसार ते दोन त्रिकोण एकरूप आहेत, आणि त्यांचे ब व क येथील कोन समान आहेत.

याहून सोपी आणि अधिक सुंदर सिद्धता चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या पॅपसने दिली. तिच्यात एकही नवी रेषा काढावी लागत नाही. एकच त्रिकोण दोनदा वाचायचा : एकदा ‘अबक’ असा आणि एकदा ‘अकब’ असा. पहिल्यातील अब ही बाजू दुसऱ्यातील अक शी समान. पहिल्यातील अक ही दुसऱ्यातील अब शी समान. आणि त्यांमधील अ हा कोन तर तोच. म्हणून हे दोन वाचनांतले त्रिकोण एकरूप झाले आणि ब चा कोन क च्या कोनाएवढा ठरला. याचा अर्थ, हा त्रिकोण उचलून पालथा ठेवला, डाव्याला उजवे आणि उजव्याला डावे केले, तरी तो आपल्याच जागेत नेमका बसतो. भुजांची अदलाबदल केल्याने ज्याच्यात काहीच बदलत नाही, तो समद्विभुज त्रिकोण. त्याचे सारे गुणधर्म या एका वाक्यात आहेत. पुढे जे सांगावयाचे आहे तो याच वाक्याचा विस्तार आहे.

याचा व्यत्यासही खरा आहे. त्रिकोणाचे दोन कोन समान असतील तर त्यांसमोरील बाजू समान असतात. त्रिकोण पुन्हा दोनदा वाचावा, फक्त या वेळी बाकोबाऐवजी कोबाको कसोटी लावावी. मूळ प्रमेय आणि व्यत्यास यांत मुले नेहमी घोटाळा करतात. कोणती गोष्ट दिलेली आहे आणि कोणती मिळवायची आहे, हे एकदा बोलून दाखवावयास लावले की घोटाळा संपतो.

या प्रमेयाचा थोडा इतिहास

पाचव्या शतकातील प्रोक्लस हा ग्रीक भाष्यकार सांगतो की, पायालगतचे कोन समान असतात हे प्रथम मिलेटसच्या थेल्सने सांगितले. थेल्स इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला. सुमारे इ. स. पू. ३०० मध्ये युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या पहिल्या भागात हे पाचवे प्रमेय म्हणून घेतले आणि सहावे प्रमेय म्हणून त्याचा व्यत्यास. त्याची सिद्धता लांबलचक होती. समान बाजू पायाच्या खाली वाढवून त्याने जी आकृती काढली ती पुलासारखी दिसते. मध्ययुगीन युरोपातील विद्यार्थी येथे अडखळत, म्हणून या प्रमेयाला ‘गाढवांचा पूल’ असे नाव पडले. जो पूल ओलांडू शकला तो पुढे जाईल, जो अडला तो गाढव, असा त्याचा रोख.

युक्लिडचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आला तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात. जयपूरच्या सवाई जयसिंहासाठी जगन्नाथ सम्राट या पंडिताने तो ‘रेखागणित’ या नावाने उतरविला. आपल्या महाराष्ट्रात मात्र त्रिकोणाचे गणित त्याच्या कितीतरी आधी होते. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये पूर्ण केलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’ या ग्रंथाचा ‘लीलावती’ हा भाग आहे. त्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचे सांगणारा इ. स. १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. त्या मठात कोणाला प्रवेश होता आणि कोणाला नव्हता, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

‘लीलावती’तील एक रीत येथे मुद्दाम पाहण्यासारखी आहे. त्रिकोणाच्या शिखरातून पायावर लंब टाकला की पायाचे दोन तुकडे होतात. भास्कराचार्य त्यांना ‘आबाधा’ म्हणतात. त्या काढण्याची रीत अशी : दोन भुजांच्या बेरजेला त्यांच्या वजाबाकीने गुणावे, पायाने भागावे, आलेली संख्या पायात एकदा मिळवून आणि एकदा वजा करून प्रत्येकाची निमपट घ्यावी. पाया १४ आणि भुजा १३ व १५ असतील तर बेरीज २८, वजाबाकी २, गुणाकार ५६. त्याला १४ ने भागून ४. म्हणून आबाधा ९ आणि ५. आता हीच रीत समद्विभुज त्रिकोणाला लावून पाहू. भुजा १३ व १३, पाया १०. बेरीज २६, पण वजाबाकी शून्य. शून्याने गुणले की शून्यच. म्हणून आबाधा ५ आणि ५. लंब पायाचे बरोबर दोन समान भाग करतो, हे या रीतीने एका ओळीत हाती आले. भुजांतला भेद शून्य झाला की आबाधांतला भेदही शून्य होतो.

एक रेषा, चार कामे

कोणत्याही त्रिकोणात शिखरातून पायाकडे तीन महत्त्वाच्या रेषा काढता येतात. शिरःकोनाचे दोन समान भाग करणारी कोनदुभाजक, पायाच्या मध्यबिंदूला जाणारी मध्यगा आणि पायाला काटकोनात मिळणारा शिरोलंब. पायाचा लंबदुभाजक ही आणखी एक रेषा. ती एरवी शिखरातून जाईलच असे नाही. ज्याच्या तिन्ही बाजू असमान आहेत अशा विषमभुज त्रिकोणात या चारही रेषा वेगवेगळ्या असतात. समद्विभुज त्रिकोणात मात्र शिखरातून निघालेल्या या रेषा आणि पायाचा लंबदुभाजक ही सारी एकच रेषा ठरते. आपण जी घडी घातली ती हीच. तिला सममितीचा अक्ष म्हणतात. लक्षात ठेवावे की हे केवळ शिखरातून जाणाऱ्या रेषेविषयी आहे. पायाच्या टोकांतून काढलेल्या रेषा वेगवेगळ्याच राहतात. पण तेथेही जोडी समान असते : ब पासूनची मध्यगा क पासूनच्या मध्यगेएवढी, लंब लंबाएवढा, दुभाजक दुभाजकाएवढा.

ही घडीची रेषा त्रिकोणाचे दोन एकरूप काटकोन त्रिकोण करते, आणि म्हणून पायथागोरसचा सिद्धांत येथे तत्काळ उपयोगी पडतो. भुजा १३ आणि पाया १० असेल तर अर्धा पाया ५. तेराचा वर्ग १६९, त्यातून २५ वजा केले की १४४, म्हणजे उंची १२. क्षेत्रफळ ६०.

येथे मुलांना एक खेळ द्यावा. पुठ्ठ्यातून ५, १२ आणि १३ सेंटिमीटर बाजूंचे दोन सारखे काटकोन त्रिकोण कापावेत. ते १२ च्या बाजूला एकमेकांशी जोडले तर पाया १० आणि उंची १२ असलेला उभट समद्विभुज त्रिकोण होतो. तेच दोन तुकडे ५ च्या बाजूला जोडले तर पाया २४ आणि उंची ५ असलेला पसरट त्रिकोण होतो. दोन्हींच्या समान भुजा १३ च आणि क्षेत्रफळही ६० च, कारण तुकडे तेच आहेत. पहिल्याचा शिरःकोन लघुकोन आहे, दुसऱ्याचा विशालकोन. हा दुसरा त्रिकोण आपल्या डोक्यावर पुष्कळदा असतो. चोवीस फूट रुंदीच्या खोलीवर दोन पाखी छप्पर घालताना आढे भिंतींच्या माथ्यापासून पाच फूट उंच धरले, तर प्रत्येक बाजूचा वासा भिंतीपासून आढ्यापर्यंत बरोबर तेरा फूट लागतो. वळचणीसाठी पुढे ठेवावयाची लांबी वेगळी.

कोनांचा हिशोब

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश. पायालगतचे दोन कोन समान असल्यामुळे एक कोन कळला की बाकीचे दोन्ही कळतात. शिरःकोन ४० अंश असेल तर उरलेल्या १४० चे निम्मे, म्हणजे ७० अंशांचे दोन कोन. पायालगतचा कोन ४० अंश असेल तर दुसराही ४० आणि शिरःकोन १००. ‘समद्विभुज त्रिकोणाचा एक कोन ४० अंश आहे, बाकीचे सांगा’ असा प्रश्न आला तर मात्र ही दोन्ही उत्तरे द्यावी लागतात. घाई करणारे मूल एक देऊन थांबते. तोच प्रश्न १०० अंशांविषयी विचारला तर उत्तर एकच राहते, कारण १०० अंशांचे दोन कोन एका त्रिकोणात मावत नाहीत. यावरून हेही कळते की पायालगतचे कोन नेहमी लघुकोनच असतात. काटकोन वा विशालकोन होण्याची मुभा फक्त शिरःकोनाला आहे.

वर्तुळात तर हा त्रिकोण पदोपदी भेटतो. वर्तुळाच्या सर्व त्रिज्या समान, म्हणून कोणत्याही दोन त्रिज्या आणि त्यांची टोके जोडणारी जीवा यांचा समद्विभुज त्रिकोण होतो. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो, हे वर्तुळाच्या प्रकरणातील प्रमेय म्हणजे आपल्या घडीच्या रेषेचेच दुसरे नाव. राष्ट्रध्वजावरील अशोकचक्राला २४ आरे आहेत. शेजारच्या दोन आऱ्यांची टोके सरळ रेषेने जोडत गेलो तर २४ समद्विभुज त्रिकोण होतात. ३६० भागिले २४ म्हणजे प्रत्येकाचा शिरःकोन १५ अंश. पायालगतचे कोन साडेब्याऐंशी अंशांचे. ध्वजवंदनाच्या दिवशी मुलांना हे विचारून पाहावे.

अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो, हे प्रमेयही यातूनच निघते. व्यासाची दोन टोके वर्तुळावरील एखाद्या बिंदूला जोडावीत आणि तो बिंदू केंद्राला जोडावा. मोठ्या त्रिकोणाचे दोन समद्विभुज त्रिकोण होतात. एकाचे पायालगतचे कोन क्ष, क्ष. दुसऱ्याचे य, य. मोठ्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन क्ष अधिक दोन य, म्हणजे १८०. म्हणून क्ष अधिक य बरोबर ९०. आणि वर्तुळावरील तो कोन नेमका क्ष अधिक य आहे.

कंपासपेटीतील दोन गुण्यांपैकी ४५-४५-९० चा गुण्या समद्विभुज आहे, दुसरा नाही. चौकोनी कागद कर्णावर दुमडला तरी पहिला गुण्या तयार होतो. त्याची एक भुज आडवी, दुसरी उभी धरून, तिरप्या कडेवरून झाडाचा शेंडा दिसेपर्यंत मागे सरकावे. जेथे शेंडा कडेच्या रेषेत येईल तेथून बुंध्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यात आपल्या डोळ्यांची उंची मिळवावी. अंतर १८ फूट आणि डोळे ५ फुटांवर असतील तर झाड २३ फूट. झाडावर न चढता उंची कळते, कारण या त्रिकोणाच्या दोन भुजा समान आहेत.

तीन बांबू आणि एक दगड

आता या लेखातील सर्वांत जिव्हाळ्याच्या उपयोगाकडे येतो. मुखेड तालुका बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेला. पाऊस पडतो तो उतारावरून माती घेऊन निघून जातो. तो अडवावयाचा तर उताराला आडवे, एकाच पातळीवर चालणारे समतल चर खणावे लागतात. पातळी चुकली तर पाणी चराच्या खोलगट टोकाला जमते आणि बांध फोडते. ही पातळी काढण्याचे एक साधे साधन पाणलोटाच्या कामात वापरतात. त्याला ए-फ्रेम म्हणतात. तो समद्विभुज त्रिकोणच आहे.

समान लांबीचे दोन बांबू वरच्या टोकाशी बांधावेत आणि खाली फाकवून उभे करावेत. शिखरापासून दोन्ही बांबूंवर सारखे अंतर मोजून तिसरा बांबू आडवा बांधावा. शिखरातून दोरी सोडून तिला दगड बांधावा, म्हणजे ओळंबा झाला. आडव्या बांबूच्या मध्यावर खूण करावी. जेव्हा दोरी बरोबर त्या खुणेवरून जाते तेव्हा दोन्ही पाय एकाच पातळीवर आहेत असे समजावे. का? शिखर आणि पायाचा मध्य यांना जोडणारी रेषा पायाला लंब असते, हे आपण पाहिले. ओळंब्याची दोरी नेहमी उभी असते. ती मध्यातून गेली, म्हणजे आडवा बांबू तिला काटकोनात, म्हणजेच क्षितिजसमांतर आहे. जमिनीवरील दोन टोके जोडणारी रेषा आडव्या बांबूला समांतर असते, कारण लहान आणि मोठ्या त्रिकोणाचा शिरःकोन एकच असल्याने त्यांचे पायालगतचे कोनही समान आहेत. नववीचे एक प्रमेय येथे शेतात उभे राहते.

हे साधन फार जुने आहे. इजिप्तमध्ये देर अल-मदीना येथे सेन्नेजेम नावाच्या कारागिराचे थडगे १८८६ मध्ये सापडले. त्यात याच आकाराची, ओळंब्याची लाकडी पातळी होती. तो कारागीर होऊन गेला त्याला सुमारे ३२०० वर्षे झाली. म्हणजे थेल्सने हे प्रमेय शब्दांत मांडण्याच्या कितीतरी शतके आधी तो गुणधर्म एका कष्टकरी माणसाच्या हातात होता. ग्रंथात नाव थेल्सचे आले. थडग्यात हत्यार सेन्नेजेमचे राहिले.

गेल्या वर्षी आमच्या नववीच्या मुलांनी असे साधन बनवून शाळेच्या मैदानावर लावले. बांबू ओबडधोबड, बांधणी सैल. आडव्या बांबूवरची मध्याची खूण खरी की खोटी याची खात्री देता येईना. तेव्हा त्यांना जुनी युक्ती सांगितली. साधनाचे पाय दोन दगडांवर ठेवून दोरी कोठे पडते तेथे खूण करा. मग साधन फिरवा : डावा पाय उजव्या दगडावर, उजवा डाव्या दगडावर. दोरी पडेल तेथे दुसरी खूण करा. या दोन खुणांचा मध्य हीच खरी पातळीची खूण. साधनात दोष असला तरी अदलाबदल केल्याने तो उघडा पडतो आणि दुरुस्तही होतो. पॅपसने कागदावर जे केले तेच मुलांनी मैदानावर केले. दोन खुणांत चार बोटांचे अंतर निघाले.

त्या दिवशी एका मुलीचे आजोबा तिला भेटावयास आले होते. ते बराच वेळ पाहत राहिले. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी नालाबांधाच्या कामावर माती खणली होती. म्हणाले, “गुरुजी, आम्ही फक्कीच्या रेघंवर खंदायचो. रेघ कशी काढतेत ते कुणी सांगितलं नाही.” नातीने त्यांच्या हातात बांबू दिला आणि दोरी कोठे पडते ते वाचावयास सांगितले. त्यांनी ते बिनचूक वाचले.

फळा कोणाचा

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधील एक प्रसंग बाबासाहेबांच्या चरित्रांत नोंदविलेला आहे. शिक्षकांनी भीमरावांना गणिताचे उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. ते विटाळतील म्हणून मुले धावली आणि त्यांनी डबे बाजूला केले. त्याच शाळेतून भीमराव १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. त्या वर्गात ज्यांनी डबे उचलले त्यांच्यासाठी आणि ज्याच्यामुळे उचलले त्याच्यासाठी फळ्यावरील गणिताचे उत्तर एकच होते. सिद्धता कोण लिहितो हे सिद्धतेला विचारावे लागत नाही. पायरी बरोबर आहे की नाही एवढेच ती विचारते.

आपल्या समाजात अजूनही ‘गणित आपल्याला जमत नाही’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. मध्यंतरी काही वर्षे दहावीला ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय होता. अनेक हुशार मुलांनी केवळ भीतीने तो घेतला आणि पुढच्या कित्येक वाटा आपल्या हाताने अरुंद करून घेतल्या. ज्यांच्या आजोबांनी दुसऱ्याने आखलेल्या रेषेवर खणले, त्यांच्या नातवंडांनी रेषा आखण्याचे शास्त्र कठीण म्हणून सोडून द्यावे, हे बरे नव्हे. युरोपातील विद्यार्थ्यांनी या प्रमेयाला गाढवांचा पूल म्हटले, ते अडलेल्याला हिणविण्यासाठी. वास्तविक अडलेल्याला हात धरून पलीकडे नेता येते, आणि त्यासाठी एक कागद, एक घडी आणि अर्ध्या तासाचा धीर पुरतो.

माजी विद्यार्थ्यांना एकच सांगणे आहे. स्नेहमेळाव्याला याल तेव्हा संध्याकाळची एक अभ्यासिका मुलांसोबत बसा. आपल्यापैकी कोणी गवंडी आहे, कोणी अभियंता, कोणी तलाठी, कोणी शेतकरी. ज्याने त्याने आपल्या कामात हा त्रिकोण कोठे भेटला ते सांगावे. ते तीन बांबू ग्रंथालयाच्या भिंतीला टेकून ठेवले आहेत. दोरीला दगडही तसाच बांधलेला आहे.